सॅन की नॅस: दोन सर्व्हरच्या फेलओव्हर क्लस्टरला कोणतं स्टोरेज लावायचं

नागपुरात धंतोलीतलं हॉस्पिटल असो की हिंगणा एमआयडीसीतला कारखाना, दोन सर्व्हर घेऊन फेलओव्हर क्लस्टर (एक पडला तर दुसरा काम उचलेल अशी जोडी) करायचं ठरलं की दोन व्हेंडरची दोन कोटेशनं येतात. एकात नॅस (नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज) लिहिलेलं, दुसऱ्यात सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क), डिस्कची साइज दोन्हीकडे तेवढीच, दोन्ही डबे रॅकमध्ये बसणारे, दोन्हीला मागून वायरी, आणि किमतीत मात्र भलताच फरक. मग मालक विचारतात की भाऊ, डिस्क म्हणजे डिस्कच ना, मग स्वस्तातलं का नको? प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याला जे उत्तर मिळतं की सॅन मोठ्या कंपन्यांसाठी आणि नॅस छोट्यांसाठी, ते चुकीचं आहे आणि त्याच्या भरवशावर लोक लाखो रुपयांची खरेदी करून राहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी क्लस्टरला काय लागतं ते बघू. दोन नोड, म्हणजे क्लस्टरमधले दोन सर्व्हर, आहेत, एकावर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस चालू आहे, तो पडला की दुसरा तीच सर्व्हिस उचलतो, तेच नाव, तोच आयपी, तोच डेटा. नाव आणि आयपी इकडचा तिकडे करणं सोपं आहे. डेटा ऐनवेळी हलवता येत नाही, कारण तो मेलेल्या सर्व्हरच्या पोटात असेल तर तिथपर्यंत पोचायचं कसं? म्हणून डेटा दोघांच्याही बाहेर ठेवायचा, दोघांना दिसेल अशा जागी. ती जागा द्यायच्या दोन पद्धती आहेत आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

नॅसमध्ये फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशोब, डब्याकडे असते. डब्यात स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम चालते, डिस्क त्यानेच फॉरमॅट केलेल्या असतात, आणि सर्व्हर त्याला नेटवर्कवरून फाइलचं नाव सांगून म्हणतो की ही उघड, इथून एवढं वाच, इथे एवढं लिही. विंडोजकडून हे बोलणं एसएमबीने होतं, लिनक्सकडून बहुतेक एनएफएसने. सॅनमध्ये डब्याला फाइल म्हणजे काय हे माहितीच नसतं. तो नुसते ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे नंबर दिलेले छोटे कप्पे, देतो, अमुक नंबरचा ब्लॉक वाच, तमुक नंबरचा लिही. त्या डब्यातून कापून दिलेल्या तुकड्याला लन म्हणतात आणि तो सर्व्हरला डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोऱ्या डिस्कसारखा दिसतो, फॉरमॅट सर्व्हरच करतो, एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीमही सर्व्हरचीच.

इतवारीतल्या होलसेल दुकानाचं उदाहरण घ्या. नॅस म्हणजे काउंटरवर बसलेला दुकानदार, तुम्ही माल मागायचा, तो आत जाऊन आणणार, कोणता माल कुठे ठेवलाय ते त्याच्या वहीत. सॅन म्हणजे गोडाऊनची किल्लीच तुमच्या हातात, माल कसा रचायचा ते तुम्ही ठरवा, वही तुमची. आता त्याच गोडाऊनची किल्ली दोघांना दिली आणि दोघांनी आपापली वेगळी वही ठेवली तर काय होईल? एकाच्या वहीत जी जागा रिकामी दिसते तिथे दुसऱ्याने कालच पोती लावलेली असतात.

क्लस्टर न करता एकच लन दोन विंडोज सर्व्हरला जोडला की नेमकं हेच होतं. एनटीएफएस असं धरून चालतं की ही डिस्क फक्त माझी आहे, दुसरं कोणी हिला हात लावत नाही, म्हणून ती कुठला ब्लॉक रिकामा आहे याची माहिती मेमरीत धरून ठेवते आणि दुसऱ्या सर्व्हरने काय लिहिलं याचा तिला पत्ताच नसतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमचंही तसंच. यात सगळ्यात वाईट म्हणजे पहिले काही दिवस सगळं छान चालल्यासारखं वाटतं, दोन्हीकडे ड्राइव्ह दिसतो, फाइली उघडतात, आणि मग हळूहळू डेटा सडत जातो.

म्हणून सॅनवर कुलपाची सोय वेगळी करावी लागते, तिचं नाव स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक नोड आपली एक की (ओळखीची किल्ली) स्टोरेजकडे रजिस्टर करतो, ज्याच्याकडे सध्या डिस्कची मालकी आहे तो रिझर्व्हेशन धरतो, बाकीच्यांनी लिहायचा प्रयत्न केला तर डबाच नाही म्हणतो. समजा पहिला नोड धड मेलाही नाही आणि धड जिवंतही नाही, नुसता हँग झालाय, तर दुसरा नोड त्याची की उडवून रिझर्व्हेशन आपल्याकडे घेतो, आणि पहिला पाच मिनिटांनी शुद्धीवर येऊन लिहायला गेला तरी त्याला दार बंद. फेलओव्हर क्लस्टरमध्ये डेटा वाचवणारी गोष्ट खरं तर हीच आहे, सर्व्हर किती महागाचे त्याला इथे काही महत्त्व नाही. विंडोज सर्व्हर २००८ पासून शेअर्ड डिस्कसाठी हे रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, डबा ते करत नसेल तर ती डिस्क व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे विंडोजच्या क्लस्टर तपासणीत, पास होत नाही. लिनक्सच्या क्लस्टरमध्येसुद्धा फेन्सिंगसाठी, म्हणजे बिघडलेल्या नोडला डेटापासून दूर ठेवायला, हाच प्रकार वापरता येतो.

एकाच लनवर सगळ्या नोडना एकाच वेळी लिहायचं असेल, म्हणजे हायपर-व्हीच्या (विंडोजचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मशीन काही या नोडवर काही त्या नोडवर, तर त्याला क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम लागतो, तो २००८ आर२ मध्ये आला. त्यात एक नोड कोऑर्डिनेटर असतो आणि फाइल बनवणं, वाढवणं, नाव बदलणं हे मेटाडेटाचं काम त्याच्यामार्फत होतं. लिनक्सवर हेच काम जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ करतं, व्हीएमवेअर या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरवर व्हीएमएफएस.

नॅसवर ही कटकट वरवर बघता नाहीच, कारण वही एकच आहे आणि ती डब्याकडे, कोणती फाइल कोणी धरलीय ते डबा बघतो. पण तिथे प्रश्न वेगळा येतो. एसएमबी मुळात ऑफिसच्या फाइली शेअर करायला बनलेलं, वर्डची फाइल उघडी असताना कनेक्शन तुटलं तर पुन्हा उघडा, कोणाचं फार बिघडत नाही. डेटाबेसची फाइल किंवा चालू व्हर्च्युअल मशीनची डिस्क मध्येच तुटली तर बिघडतं. हे सुधारलं विंडोज सर्व्हर २०१२ सोबत आलेल्या एसएमबी ३.० मध्ये, त्यात कंटिन्युअस अव्हेलेबिलिटी नावाची सोय आली, ज्यात स्टोरेजच्या बाजूचा एक नोड पडला तरी उघड्या फाइलचं हँडल (सर्व्हरने त्या फाइलवर धरलेली पकड) दुसऱ्या नोडवर जिवंत राहतं. त्यानंतरच हायपर-व्ही आणि एसक्यूएलचं फेलओव्हर क्लस्टर एसएमबी शेअरवर ठेवणं हा गंभीरपणे विचार करण्याजोगा पर्याय झाला. म्हणजे नॅसवर क्लस्टर होतच नाही असं बिलकुल नाही. पण डब्याच्या माहितीपत्रकात एसएमबी ३ लिहिलंय म्हणजे कंटिन्युअस अव्हेलेबिलिटी आलीच असं समजू नका, ते वेगळं विचारा आणि लेखी घ्या. व्हीएमवेअरवाल्यांचं बरं आहे, तिथे एनएफएसवर डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ठेवायची जागा) ठेवणं कधीपासून रुळलेलं आहे आणि दोन कंट्रोलरचा (कंट्रोलर म्हणजे डब्यातला डिस्क चालवणारा बोर्ड) चांगला नॅस असेल तर ते छान चालतं.

आता खरा गोंधळ. सिनॉलॉजी, क्यूनॅप असे जे डबे नॅस म्हणून विकले जातात, त्यातले बरेच आयस्कझी (नेटवर्कवरून ब्लॉक द्यायची पद्धत) लनही देतात. म्हणजे डबा तोच, पण शेअर फोल्डर बनवलं तर तो नॅससारखा वागतो आणि लन बनवला तर सॅनसारखा. म्हणून डब्यावरचं नाव वाचून काहीच कळत नाही, विचारायचं ते हे की आमच्या सर्व्हरला तू फाइल देणार की ब्लॉक? ब्लॉक देणार असेल तर वरचं रिझर्व्हेशन याच मॉडेलवर चालतं का, कंपनीच्या सपोर्टेड यादीत विंडोज क्लस्टरिंग आहे का, हे बघा. एकाच कंपनीच्या सगळ्या मॉडेलवर सारखं नसतं. आणि स्वतः खात्री करायची तर फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमधलं व्हॅलिडेशन चालवा, त्यातली स्टोरेज टेस्ट रिझर्व्हेशन तपासते. ही टेस्ट डिस्क ऑफलाइन घेते, त्यामुळे चालू डेटा असलेल्या डिस्कवर दिवसाढवळ्या चालवायची नाही, खरेदी झाल्या झाल्या, डेटा टाकायच्या आधी.

उलटा गोंधळही होतो. आयस्कझी साध्या इथरनेटवर चालतं, टीसीपी पोर्ट ३२६०, स्विच तोच जो बर्डीवर कुठल्याही दुकानात मिळतो, त्यामुळे लॅनवर आहे म्हणजे नॅसच असं लोक धरतात. वायर बघून ठरत नाही. आयस्कझी इथरनेटवर असूनही सॅनच आहे, फायबर चॅनेलही सॅन, त्याला वेगळं एचबीए कार्ड आणि वेगळा स्विच लागतो एवढंच. आयस्कझी घेतलं तर त्याला ऑफिसच्या नेटवर्कवर सोडू नका, वेगळी नेटवर्क कार्डं, वेगळे सबनेट, जमलं तर दोन वेगळे स्विच. त्या कार्डांचं टीमिंग (दोन कार्डं एक करून वापरणं) करण्यापेक्षा एमपीआयओ लावा, तो एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळतो. एमपीआयओ न लावता दोन वायरी जोडल्या तर एकच डिस्क दोनदा दिसते आणि नवीन माणूस दोन डिस्क आहेत समजून बसतो. जम्बो फ्रेम (नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) करायच्या तर सर्व्हर, स्विच, स्टोरेज तिन्हीकडे करा, नाहीतर कुठेच नको.

दोनच सर्व्हर असतील तर माझं मत स्पष्ट आहे, दोन कंट्रोलरचा एसएएस अ‍ॅरे घ्या, म्हणजे एसएएस वायरीने ब्लॉक देणारा डिस्कचा डबा, आणि थेट जोडा. डेलचा पॉवरव्हॉल्ट एमई किंवा एचपीईचा एमएसए, दोन्हीत एसएएसचा पर्याय मिळतो. प्रत्येक सर्व्हरमधून दोन वायरी, एक कंट्रोलर ए ला, एक बी ला, मध्ये स्विचच नाही, म्हणजे सांभाळायची एक गोष्ट कमी. डिस्क मात्र एसएएसच्याच, कारण एसएएस डिस्कला दोन पोर्ट असतात आणि दोन्ही कंट्रोलर तिच्यापर्यंत आपापल्या वाटेने पोचतात, साध्या साटा डिस्कला एकच पोर्ट. उद्या सर्व्हर दोनाचे पाच होणार असतील तर मग आयस्कझी किंवा फायबर चॅनेल.

दोन कंट्रोलरवर मी एवढा जोर का देतोय, तर दोन सर्व्हर आणि मागे एका मदरबोर्डचा एक डबा, ही रचना फार ठिकाणी दिसते आणि ती बघून खरंच वाईट वाटतं. सर्व्हर मेला तर वाचाल, डबा मेला तर दोन्ही सर्व्हर नुसते बघत बसतील. हा मुद्दा सॅन-नॅस दोघांनाही लागू आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद पडला तर सकाळपर्यंत आत भट्टी होते, वादळ आलं की लाईट जाते, आणि एवढं सगळं त्या एका डब्याने सोसायचं. राइट कॅशचंही आत्ताच विचारून घ्या. डबा आधी मेमरीत लिहून घेतो आणि सर्व्हरला झालं म्हणून सांगतो, त्या मेमरीला बॅटरी किंवा फ्लॅशचं संरक्षण नसेल आणि त्या क्षणी लाईट गेली, तर डेटाबेसला जे कमिट (पक्कं नोंदलं) झालं वाटतं ते डिस्कवर नसतंच. तसं संरक्षण नसलेल्या डब्यावर राइट कॅश बंद ठेवा, स्लो चालेल पण खरं चालेल. लाईट आल्यावर आधी स्टोरेज चालू करा, ते पूर्ण उठलं की मग सर्व्हर.

दोन नोडच्या क्लस्टरला तिसरं मत लागतं, विटनेस, नाहीतर दोघांमधलं नेटवर्क तुटलं की खरा कोण ते ठरत नाही. इथे मात्र साध्यातला साधा नॅस कामाचा आहे. सॅन असेल तर छोटा लन, निदान ५१२ एमबीचा, डिस्क विटनेस म्हणून देता येतो, किंवा कोणत्याही एसएमबी शेअरवर फाइल शेअर विटनेस, त्याला जागा अगदी नगण्य लागते, फक्त तो डीएफएसवर (विंडोजची विखुरलेले शेअर एकत्र दाखवायची सोय) ठेवू नका. इंटरनेट भरवशाचं असेल तर सर्व्हर २०१६ पासून क्लाउड विटनेसही आहे. आणि तोच नॅस बॅकअपलाही लावा, कारण क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेलं टेबल फेलओव्हरनंतरही डिलीटच असतं.

बजेट या सगळ्याला पुरत नसेल तर एका कंट्रोलरच्या डब्यावर क्लस्टर उभं करण्यापेक्षा शेअर्ड स्टोरेजच टाळा. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून स्टँडर्ड एडिशनमध्ये बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप मिळतो, एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस आणि दोन रेप्लिका, पण प्रत्येक सर्व्हरकडे डेटाची स्वतःची कॉपी. लिनक्सवर डीआरबीडी तसंच करतं.

घेतलं काहीही, तरी गो-लाइव्हच्या आधी एक रविवार राखून ठेवा. खोटा डेटा सतत लिहीत राहील असं काहीतरी चालू करा, मग एक वायर उपटा, डिस्क तशीच राहिली पाहिजे. मग एक कंट्रोलर काढा. मग चालू नोडची पॉवर सरळ खेचा आणि सर्व्हिस दुसरीकडे उठायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा, एसक्यूएलला तिथे रिकव्हरी करावी लागते त्यामुळे लगेच उठणार नाही. शेवटी लिहिलेला डेटा पहिल्या ओळीपासून तपासा, आणि ही सगळी परीक्षा व्हेंडरचा माणूस समोर उभा असतानाच घ्या, त्याच्या बिलाचा शेवटचा हप्ता देण्याच्या आधी.