रिपोर्ट नॉर्मल, पण ऑफिसात गेलं की डोकं धरतं

आमच्या मावसबहिणीने गेल्या वर्षी नोकरी सोडायची पूर्ण तयारी केली होती. राजीनामा टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलेला. पगार वेळेवर, साहेब बरे, घरापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं, कोल्हापुरात अकाउंट्सच्या माणसाला अजून काय पाहिजे. पण ऑफिसात जाऊन तासभर झाला की डोकं धरायचं, डोळे चुरचुरायचे, घशात खरखर, आणि दुपारी तीननंतर टॅलीमधली एकच एंट्री तीन-तीनदा बघावी लागायची. रविवारी मात्र कायपण नाही, रंकाळ्यावर पोरांबरोबर भेळ खाताना बाई एकदम ठणठणीत.

झालं होतं असं की ऑफिसचं रिनोव्हेशन झालेलं. जुन्या उघडणाऱ्या खिडक्या गेल्या, फिक्स काचा आल्या, प्लायवूडची पार्टिशनं, सनमायका, चार स्प्लिट एसी. पहिले पंधरा दिवस वास सगळ्यांनाच यायचा, मग बाकीच्यांचा गेला आणि हिचा राहिला. मग डॉक्टरांची वारी सुरू झाली, रक्त, एक्स-रे, ती जोरात फुंकायची फुफ्फुसाची टेस्ट, चष्म्याचा नंबर. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. त्या रात्री फोनवर मला म्हणाली, "म्हणजे मी नाटक करते का रे?"

नाटक नाही. हा प्रकार जगभर आहे आणि बराच जुना आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिका-युरोपात वीज आणि इंधन वाचवायला इमारती घट्ट बंद करायला लागले. अमेरिकेत आधी माणशी मिनिटाला साधारण 15 घनफूट बाहेरची हवा आत घ्यायची पद्धत होती, ती 5 वर आणली. मग ऑफिसाऑफिसातून तक्रारी यायला लागल्या, डोकं दुखतंय, नाक चोंदतंय, थकवा येतोय, आणि बिल्डिंगच्या बाहेर पडलं की बरं वाटतंय. याला 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' असं नाव पडलं. 1984 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अहवालात म्हटलं होतं की नव्या आणि रिनोव्हेट केलेल्या इमारतींपैकी 30 टक्क्यांपर्यंत इमारतींमधून अशा तक्रारी येत असाव्यात. 1989 मध्ये अमेरिकेने हवेचं प्रमाण परत वाढवलं.

आता आपल्याकडची एक गोष्ट जी लई लोकांना माहीत नसते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. म्हणजे बारा माणसं बंद काचेच्या खोलीत सकाळपासून एकमेकांचा उच्छ्वास घेत बसलेली असतात, फक्त गारेगार. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात साधारण 420 भाग असतो, खोलीत तो 1000 च्या वर गेला की हवा पुरेशी बदलत नाहीये असं समजायचं. त्यात नवीन प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला खरोखरच झोंबतो. आणि आपल्या पावसाळ्याचं तर काय बोलायचं, चार महिने भिंतींना ओल, कपाटामागे बुरशी, आणि 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी बघितलेल्या शाहूपुरीतल्या तळमजल्यांचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट बसवा, ओल काढा, मग मनाचं बघा. गळका पाइप तसाच ठेवून स्टाफला समुपदेशनाला पाठवणं हा चक्क आगाऊपणा आहे.

आणि डॉक्टरांनीपण "काही सापडलं नाही" आणि "काही नाही" यात गल्लत करू नये. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात संमेलनाला आलेले लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडले, 34 जण गेले, आणि कारण सापडायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. तो लिजिओनेला नावाचा तोपर्यंत कुणाला माहीत नसलेला जंतू निघाला. म्हणून ताप येतोय, छातीत घरघर होतेय, एकाच मजल्यावर चौघांना तोच खोकला झालाय, तर ते सोडून द्यायचं नाही. खाली जनरेटर चालू झाला की वर डोकी दुखतात, असं असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, तिथे तर लगेच बाहेरच पडायचं.

बहिणीच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून मागे लागल्यावर एक काच उघडणारी करून घेतली, एक्झॉस्ट लावला. बाकीचे म्हणाले बरं झालं. हिचं डोकं मात्र दुखायचं थांबलं नाही. खरी गंमत इथून पुढे आहे.

आपल्या भागात ज्यांचं घर साखर कारखान्याजवळ आहे त्यांना विचारा, सीझनमध्ये मळीचा वास येतो का म्हणून. "कसला वास?" म्हणतात. आणि पुण्याहून आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावून बसलेला असतो. नाक सवयीने वास विसरतं. पण एका अटीवर. फिलाडेल्फियातल्याच मोनेल सेंटर या वास-चवीवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या पामेला डाल्टन यांनी 1990 च्या दशकात लोकांना खोलीत बसवून एकच वास दिला. काहींना सांगितलं हा नैसर्गिक अर्क आहे, काहींना सांगितलं हे कारखान्यातलं घातक केमिकल आहे. पहिल्यांना वास हळूहळू कमी जाणवायला लागला. दुसऱ्यांना तो तसाच राहिला किंवा वाढला, आणि घसा खवखवणं, डोकं जड होणं असल्या तक्रारी त्यांच्याकडूनच जास्त आल्या. हवा तीच, वास तोच बरं का.

बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठात ओमर व्हान डेन बर्ग यांच्या टीमने याच्याही पुढचं केलं. माणसांना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा दिली की धाप लागते, छाती भरून येते. ती हवा एका वासाबरोबर जोडून थोड्या वेळा दिली. नंतर नुसता वास, हवा साधी. तरी लोकांना त्रास झाला, आणि वास घाणेरडा असेल तर जास्तच. म्हणजे शरीर शिकलं. जसं शाळेत "वर्गात उवा झाल्यात" असं बाई नुसतं म्हणाल्या की आपलं डोकं खाजायला लागायचं, आणि ती खाज काय खोटी नसायची.

तर बहिणीच्या बाबतीत बहुतेक असं झालं असावं, सुरुवातीला प्लायवूडच्या वासाने खरंच चुरचुरलं, मेंदूने नोंद केली की ही जागा धोक्याची, आणि नंतर हवा सुधारली तरी आतला अलार्म बंदच होईना. त्यात रिनोव्हेशनमध्ये हिची खिडकीजवळची जागा न विचारता दुसऱ्याला दिलेली आणि जीएसटीच्या तारखा डोक्यावर. हे फालतू वाटेल, पण लंडनच्या 44 सरकारी इमारतींमधल्या चार हजारांवर कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास 2006 मध्ये आला त्यात या असल्या तक्रारींचा संबंध हवेच्या मोजमापांपेक्षा कामाचा ताण आणि सहकाऱ्यांचा आधार याच्याशी जास्त दिसला.

राजारामपुरीतल्या एका समुपदेशक मॅडमकडे न्यायला मला दोन महिने लागले, कारण घरात सगळ्यांचं एकच, "वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला?" तिथे जे चालतं त्याला सीबीटी म्हणतात, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, त्रास खरा आहे, मी तो मोजायला मदत करणार. दोनशे पानी वही आणायला लावली. वेळ, कुठे बसले होते, त्रास दहापैकी किती, त्याआधी काय झालं, मनात काय आलं. तीन आठवड्यांनी वहीत दिसलं की त्रास ऑफिसच्या आत नाही, जिन्यातच सुरू होतोय, एसीच्या हवेत पोचायच्या आधी. हे तिने स्वतः वाचलं, कुणी सांगितलं नाही.

मग एक प्रयोग. दोन मिनिटं फक्त घशाकडे लक्ष द्या. दिलं, तर लगेच खरखर. आता खिडकीबाहेरच्या गाड्यांचे रंग मोजा. खरखर कमी. (तुम्हीपण आत्ता आवंढा गिळून बघा, घशात काहीतरी आहे असं वाटेल.) शिवाय ती नकळत भराभर, वरवर श्वास घ्यायची, "चांगली हवा" मिळावी म्हणून. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उलट कमी होतो आणि गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ते सावकाश करायला शिकवलं. तोंडाला ओढणी, पर्समध्ये बाम, दर अर्ध्या तासाला बाहेर पळणं, हे सगळं एकदम नाही, एकेक करून सोडवलं. अर्ध्या तासाचा पाऊण तास, पाऊण तासाचा एक.

याने सगळे खडखडीत बरे होतात असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कारण न सापडणाऱ्या शारीरिक त्रासांवर मानसिक उपचारांचे 21 अभ्यास, अडीच हजारांवर रुग्ण, एकत्र करून 2014 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात फायदा दिसला पण छोटा. डेन्मार्कमध्ये केमिकलच्या वासांचा त्रास होणाऱ्या 69 जणांवर माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारी, थेरपी करून बघितली, तर त्रासाचा एकूण परिणाम कमी झाला नाही, फक्त आजाराकडे बघायची नजर थोडी बदलली. फिनलंडमध्ये तर हा विषय एवढा मोठा की तिथे 2018 ते 2028 असा घरातल्या-ऑफिसातल्या हवेचा आणि आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात इमारतींची दुरुस्तीही आहे आणि त्रास होणाऱ्या माणसांची नीट काळजी घेणंही आहे. दोन्ही एकत्र, हे मला पटतं.

ज्यांना असं कुणाकडे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो त्यांनी आधी 14416 ला फोन लावावा, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बहिणीचं डोकं अजून दुखतं, महिन्याअखेरीला हमखास. पूर्वी वहीत दहापैकी आठ असायचं, आता तीन-चार. मागच्या आठवड्यात तिला म्हटलं, तो राजीनाम्याचा ड्राफ्ट आता डिलीट करून टाक की. म्हणाली, "राहू दे रे, साहेबांचा काय भरोसा, उन्हाळ्यात विजेचं बिल बघून काच परत फिक्स करतील."