गोऱ्या रंगाची आवड : आडवी की उभी?

‘मला गोरी मुलगीच आवडते. त्यात कसला आलाय वर्णभेद? आवड ती आवड!’ गोव्यात लग्नाच्या बोलणीत आणि डेटिंग अ‍ॅपवर हा युक्तिवाद सारख्याच सहजपणे ऐकू येतो. त्यात अर्धं तथ्य आहे. एखादा चेहरा पाहून छातीत धडधडतं ते कुणी ठरवून नव्हे, आवड खरीच असते. पण ती खरी आहे म्हणून जन्मजात आहे, असं होत नाही. ती कुठून आली हे तपासायच्या रीती आहेत आणि गेल्या वीसेक वर्षांत त्यातून बरंच काही हाती लागलं आहे.

सुरुवात पाळण्यापासून करावी लागते. बाळापुढे दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते कुणाकडे किती सेकंद पाहतं हे कॅमेऱ्याने टिपायचं, ही या क्षेत्रातली नेहमीची पद्धत. २००५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नवजात गोऱ्या बाळांनी कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याला झुकतं माप दिलं नाही. तीन महिन्यांची बाळं मात्र स्ववंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहू लागली होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनी तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट घेतले. इस्रायलमधल्या गोऱ्या बाळांचा कल गोऱ्या चेहऱ्यांकडे होता, इथिओपियातल्या बाळांचा काळ्या. तिसरा गट इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतल्या बाळांचा. आसपास दोन्ही तऱ्हेचे चेहरे वावरत असल्याने त्यांचा कल कुठेच नव्हता. इथे एक सावधगिरी हवी. जास्त वेळ पाहणं म्हणजे आवडणं नव्हे, ते ओळखीचं लक्षण आहे. पण या ओळखीच्या पायावरच पुढे बरंच काही उभं राहतं.

हा पाया पक्काही नसतो. तीन ते नऊ वर्षांच्या वयात फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी चाचणी घेतली, तेव्हा त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा गोरे चेहरे लक्षात ठेवणं सोपं जात होतं, अगदी फ्रेंच माणसांसारखं.

सौंदर्याकडे वळू. १९९० साली टेक्सासमध्ये एक प्रयोग झाला. बरेच चेहरे एकमेकांत मिसळून ‘सरासरी चेहरा’ तयार केला, तर तो मूळच्या बहुतेक चेहऱ्यांपेक्षा देखणा वाटतो, असं दिसलं. मिसळताना कातडी गुळगुळीत होते, त्याचाच हा परिणाम असेल अशी शंका घेतली गेली, पण ते टाळून केलेल्या प्रयोगांतही निष्कर्ष टिकला. शिवाय ही सरासरी प्रत्येकाच्या मेंदूत चालू खात्यासारखी बदलत राहते. काही मिनिटं मुद्दाम ताणलेले किंवा आक्रसलेले चेहरे दाखवले, की कोणता चेहरा सर्वांत सुंदर हे मतही त्याच दिशेला सरकतं. जुळ्यांवरच्या २०१५ सालच्या मोठ्या अभ्यासात, आपली पसंती दुसऱ्याहून जिथे वेगळी पडते तो वेगळेपणा मुख्यतः वैयक्तिक अनुभवांतून आलेला दिसला. जनुकांचा वाटा तिथे अल्प होता.

आता हाच नियम गोव्याला लावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कदंबच्या बसमध्ये, जत्रेत दिसणारा सरासरी रंग गव्हाळ ते सावळा. फक्त ओळख आणि सरासरी एवढंच काम करत असतं, तर गोमंतकीय डोळ्यांना सर्वांत देखणा रंग तोच वाटायला हवा होता. लग्नाच्या जाहिरातींत मागणी मात्र ‘गोरी’, फार तर ‘निमगोरी’ची. ओळखीचा नियम जिथे नेऊन सोडतो आणि मागणी प्रत्यक्षात जिथे पोचते, त्या दोहोंमधलं अंतर समाजाने भरलेलं आहे. माझ्या मते या विषयातला खरा मुद्दा हाच.

हे अंतर समजायला अर्थशास्त्रातली एक विभागणी कामी येते. काही पसंती आडव्या असतात : ज्याला त्याला आपल्यासारखाच हवा असतो. काही उभ्या असतात : सगळ्यांना एकाच शिडीच्या वरच्या पायरीवरचा हवा असतो. बंगाली वृत्तपत्रातल्या विवाहविषयक जाहिराती घेऊन कोलकात्यात झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जाहिरात देणाऱ्या ७८३ कुटुंबांना संशोधक भेटले होते. जातीबाहेरचा जावई टाळण्यासाठी वधूपक्ष पदव्युत्तर शिकलेला सोडून अशिक्षित मुलगाही पत्करेल, इतकं जातीचं वजन त्यात निघालं. तरीही ही पसंती आडवी होती. प्रत्येकाला आपली जात हवी होती, सगळ्यांना मिळून एकच नव्हे. रंगाचं तसं नसतं. ‘सावळा आहे, सावळीच पाहिजे’ अशी जाहिरात कुणी पाहिली आहे? आडव्या आवडीवर क्रीमही विकलं जात नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आलं आणि २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. ही पंचेचाळीस वर्षं चालली ती उभ्या शिडीच्या जोरावर. शिडी चढण्याच्या घाईत डॉक्टरांना न विचारता लावलेली स्टिरॉइडची मलमं वेगळाच घोळ करतात. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवलं की आग होऊन चेहरा पूर्वीपेक्षा बिघडतो. काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार करणारं विकर (एन्झाइम) अडवतो आणि मूत्रपिंडालाही इजा करतो.

अमेरिकेतली आकडेवारी हीच शिडी वेगळ्या बाजूने दाखवते. २०१५ साली तिथल्या नवविवाहितांपैकी २४ टक्के काळ्या पुरुषांनी आपल्या वंशाबाहेर लग्न केलं होतं, काळ्या स्त्रियांत हे प्रमाण १२ टक्के होतं. आशियाई वंशात उलटं : स्त्रिया ३६ टक्के, पुरुष २१ टक्के. भाऊ-बहिणीचा रंग एकाच आईबापांकडून आलेला, गल्ली एक, शाळा एक. मग इतका फरक कुठून येतो? कोणता वंश ‘मर्दानी’ आणि कोणता ‘नाजूक’ याच्या ठोकळेबाज प्रतिमांकडे बोट दाखवल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

‘गोरा रंग निरोगीपणाची खूण, म्हणून निसर्गानेच तो आवडायला लावला,’ असाही दावा होतो. त्वचेचा अभ्यास त्याला साथ देत नाही. काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनच्या कणांचा आकार, प्रकार आणि मांडणी यांमुळे. पंधरा अंश उत्तर अक्षांशावरच्या आपल्या उन्हात हे मेलॅनिन रक्तातलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व अतिनील किरणांपासून वाचवतं, आणि फोलेट गर्भाच्या वाढीला लागतंच. म्हणजे निसर्गाने इथे कौल दिलाच असेल तर तो सावळ्याच्या बाजूने. या दाव्यातला विचारात घेण्याजोगा भाग एवढाच, की बहुतेक समाजांत स्त्रियांची त्वचा पुरुषांपेक्षा किंचित उजळ असते. त्यातून थोडा कल येऊ शकेल. पण वराच्या जाहिरातीतल्या ‘गोरा, देखणा’चं उत्तर त्यात नाही.

रंगाला रक्ताची साक्ष मानणंही चुकीचं. एसएलसी२४ए५ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने त्याच्या प्रथिनात १११व्या जागी अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं येतं आणि त्वचा उजळते. २०१३ सालच्या अभ्यासात, दक्षिण भारतातल्या एका समाजगटात माणसामाणसातल्या रंगाच्या फरकापैकी सुमारे २७ टक्के फरक या एका बदलाने स्पष्ट झाला. तो युरोपीयांत आणि आपल्यात एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. आईबापांकडे दोन्ही रूपं असतील तर एकाच घरात भाऊ सावळा आणि बहीण गोरी निघते, ती याचमुळे.

शिडी गोव्यात कशी उभी राहिली याचे काही धागे हाती लागतात. गोवा घेतल्यावर डिसेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं, त्यात इथे पकडलेल्या मुसलमान स्त्रियांचं वर्णन ‘गोऱ्या आणि दिसायला चांगल्या’ असं आहे. आपल्या माणसांची लग्नं तो त्यांच्याशी लावत होता. त्याच राजवटीत आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी काही अंशी त्यांचेच वंशज. सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात आफ्रिकी वारशासोबत भारतीय सरमिसळही स्पष्ट दिसते. पण सगळं पोर्तुगीजांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. उन्हात राबणारा आणि सावलीत बसून हिशेब करणारा हा भेद त्यांच्या आधीचा. देशभरच्या जनुकांच्या अभ्यासांनुसार मिश्र विवाह सुमारे १९०० वर्षांपूर्वी आटत गेले आणि समाज जातीजातींत बंद झाला. तरी साखळीजवळच्या विठ्ठलापुरात सावळ्या विठ्ठलापुढे रांगा लागतातच. म्हणजे रंगाची किंमत डोळ्यांत कोरलेली नाही, कुणाला कुठे पाहतो त्यावर ती बदलते. मोरजीतल्या रशियन पाहुण्यांबद्दल आणि २०१३ साली पर्रा गावी झालेल्या एका नायजेरियनाच्या खुनानंतर नायजेरियनांबद्दल जे बोललं गेलं, त्यात ‘परका’ हा शब्द दोघांनाही लागू होता. सूर एक नव्हता.

मग हा पूर्वग्रह त्या माणसाचा मानायचा की समाजाचा? २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन हजारांहून अधिक समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना दोन वेगळ्या प्रश्नावल्या दिल्या होत्या. जोडीदार निवडताना वंश पाहण्यात गैर काय, असं ज्यांचं मत, त्यांचीच एकंदर वंशविषयक मतंही जास्त कलुषित निघाली. हा नुसता सहसंबंध आहे, कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवून केलेला प्रयोग याला पूरक ठरतो. ज्या राज्यात किंवा देशात माणूस वाढला तिथली वंशविषयक मतं त्याच्या निवडीत उतरलेली दिसली. माणूस शहर बदलतो, लहानपणी ऐकलेलं बरोबर घेऊन येतो.

हे आपल्याकडे तपासायचं तर एका मराठी दैनिकाचे वर्षभराचे रविवारचे अंक पुरतात. ‘वधू पाहिजे’ आणि ‘वर पाहिजे’ दोन्ही घ्या. प्रत्येक जाहिरातीतून दोन नोंदी वेगळ्या काढा : स्वतःचा सांगितलेला रंग आणि समोरच्याचा मागितलेला. उल्लेख नसेल तर शून्य, मग सावळा, गव्हाळ, निमगोरा, गोरा असे एक ते चार. दोघांनी एकमेकांचं न पाहता नोंदी कराव्यात. त्यांचा मेळ नीट बसला नाही तर नियम पुन्हा लिहावेत. शेवटी स्वतःचा रंग उभ्या रकान्यात, मागणी आडव्या ओळीत असा तक्ता मांडा. आकडे कर्णावर जमले तर आवड आडवी, सगळे ‘गोरा’च्या ओळीत जमले तर उभी.

घोटाळे ठरलेले आहेत. तीच जाहिरात चार आठवडे छापून येते, तेव्हा फोन नंबर पाहून गाळा. दर शब्दांवर असतो, त्यामुळे उल्लेख नाही म्हणजे रंगाबाबत उदासीनता असं समजू नका. सावळ्या मुलीचे वडील तो शब्द गाळतात आणि पगार लिहितात. स्वतःचा रंग सगळेच एक पायरी वर सांगतात. आणि जाहिरात लिहिणारे बहुधा आईबाप, म्हणजे मुलाची आवड यात मोजली जातच नाही.

त्यासाठी छायाचित्रं लागतात. तीस-चाळीस चेहरे घ्या, प्रत्येकाच्या दोन प्रती करा आणि फक्त त्वचेचा उजळपणा बदला. डोळ्यांचा पांढरा भाग, दात, पार्श्वभूमी तशीच राहू द्या, नाहीतर फोटो आजारी दिसतो आणि कमी गुण रंगाला की आजाराला ते कळत नाही. एका माणसाला एका चेहऱ्याची एकच प्रत दाखवा. दोन्ही दिसल्या की तो सावध होतो आणि शहाण्यासारखी उत्तरं देतो. सगळ्यांना एकाच पडद्यावर, एकाच प्रकाशमानावर दाखवा. ‘चेहरा सुंदर आहे का?’ आणि ‘घरी न्याल का?’ हे प्रश्न वेगळे विचारा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा फार खाली आलं, तर अडसर डोळ्यांचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आहे.

शिडी हलते, आणि जनुकांना शक्य नाही इतक्या वेगाने हलते. काळ्या-गोऱ्यांमधल्या लग्नाला १९५८ साली ४ टक्के अमेरिकनांची संमती होती, २०२१ साली ९४ टक्के. परवंशीयांचे चेहरे नुसते वारंवार पाहिले तरी त्या वंशाचे अनोळखी चेहरेही थोडे अधिक आवडू लागतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरची रंगाची चाळणी अडचणीची ठरते ती इथेच. ती चेहरा डोळ्यांपुढे येऊच देत नाही. शादी डॉट कॉमने ती २०२० साली काढून टाकली. अमेरिकेतल्या एका मोठ्या डेटिंग संकेतस्थळाच्या २०१३ सालच्या विश्लेषणात, पहिला संदेश लोक बहुतेक स्ववंशीयालाच पाठवताना दिसले. पण दुसऱ्या वंशाच्या कुणी आपणहून लिहिलं, तर उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा गेलं, आणि तसं उत्तर देणारे पुढे काही काळ स्वतःहूनही वंशाबाहेर लिहू लागले.