जमीन आपली, पण तिच्याखालचा वायू कोणाचा?

महाराष्ट्रात सातबारा नावावर असला तरी जमिनीखालचं खनिज आपलं होत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे ते सरकारचं. ही सवय घेऊन अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शेत किंवा घर घेतलं की गल्लत होते. खालचा वायू सरकारचाच, असं एकाला वाटतं. जमीन घेतली म्हणजे वायूही आलाच, असं दुसऱ्याला. दोघांनीही जुने दस्त काढून बघायला हवेत.

कारण तिथे वरची जमीन आणि खालचा तेल-वायू या दोन वेगळ्या मिळकती असू शकतात. पणजोबांच्या काळात कोणी शेत विकताना तेल-वायू स्वतःकडे राखला असेल, तर पुढची सगळी खरेदीखतं फक्त वरच्या जमिनीची. १८५९ मध्ये टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, तेव्हापासून या राज्यात असे हक्क विकले गेले, वारसांत वाटले गेले. म्हणून नुसतं शेवटचं खरेदीखत वाचून भागत नाही.

त्यातही एका शब्दापाशी थांबावं लागतं. दस्तात ‘खनिजे राखून’ असं दिसलं की वायू गेला, असं आपण धरून चालतो. पण १८८२ च्या डनहॅम खटल्यात पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नुसत्या ‘खनिजे’ या शब्दात तेल येत नाही. पुढे हाच नियम वायूलाही लागला, आणि २०१३ च्या बटलर खटल्यात मार्सेलस शेल या खोलवरच्या खडकाच्या थरातल्या वायूलाही. म्हणजे तेल-वायूचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो सहसा जमिनीबरोबरच आलेला असतो. टेक्सासमध्ये याच्या उलट: ‘खनिजे’ म्हटलं की तेल-वायू त्यात धरलेलाच. हा फरक माहीत नसल्यामुळे स्वतःचा हक्क सोडून देणं मला फार वाईट वाटतं.

व्यवहारात फरक असा पडतो. वायू दुसऱ्याचा असेल, तर विहिरीसाठी वाजवी तेवढी जमीन वापरण्याचा हक्क त्याला मिळतो. ट्रक, धूळ, आवाज आपल्या वाट्याला, रॉयल्टी म्हणजे विक्रीतला हिस्सा त्याच्या. उलट वायू आपला असेल, तर आडवी विहीर शेजारच्या गावातून आपल्या जमिनीखाली येते आणि अंगणात खिळाही न ठोकता पैसे येतात.

किती? १९७९ च्या कायद्याने रॉयल्टी किमान एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के. समजा ६४० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे वायू काढण्यासाठी एकत्र जोडलेल्या जमिनींत, आपले ८ एकर आहेत आणि महिन्याला १० लाख डॉलरचा वायू विकला गेला. आपला वाटा १,५६२ डॉलर ५० सेंट. त्यातूनही वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च वजा होऊ शकतो. २०१० च्या किल्मर खटल्यात न्यायालयाने ती पद्धत मान्य केली. लीजवर, म्हणजे वायू काढणाऱ्या कंपनीबरोबरच्या करारावर, सही करण्याआधी ही वजावट वकिलाकडून नीट समजून घ्याच. सहीच्या वेळी मिळणारा बोनस आपला, पण विहीर खोदलीच जाईल याची हमी त्यात नसते.

आणि जागा बघा. मार्सेलसचा खडक न्यूयॉर्कमध्येही पसरलेला आहे, पण मोठ्या प्रमाणावरच्या फ्रॅकिंगवर, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडून वायू काढण्यावर, तिथे बंदी आहे. २०२० पासून ती कायद्यातच आली. पेनसिल्व्हेनियातही वेन काउंटीचा डेलावेअर नदीच्या खोऱ्यात येणारा भाग २०२१ पासून अशाच बंदीखाली आहे. तिथे वायूच्या हक्कासाठी कोणी जादा किंमत सांगितली, तर ती देऊ नका.