क्लीमा : बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांची नावं आणि हद्दी

फ्रान्सच्या पूर्व भागातल्या बर्गंडी (फ्रेंच उच्चार बूर्गोन्य) प्रांतात द्राक्षमळ्याच्या ज्या तुकड्याला स्वतःचं नाव, ठरलेली हद्द आणि वाइनमधली वेगळी ओळख आहे, त्याला क्लीमा म्हणतात. फ्रेंचमध्ये हाच शब्द हवामानालाही वापरतात, पण इथे अर्थ जमिनीचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो पण घरात कुणी नंबर बोलत नाही, 'चिंचेचं वावर', 'खडकाळी' असंच म्हणतात, तर क्लीमाची सुरुवातही साधारण तशीच, फक्त तिकडे ते नाव पुढे बाटलीच्या लेबलवर गेलं आणि कायद्यातही बसलं. डिजॉन शहरापासून दक्षिणेला बोन गावाच्या पुढपर्यंत जेमतेम ५०-६० किमीची उतरंड आहे, तिचा उत्तर भाग कोत द न्वी आणि दक्षिण भाग कोत द बोन, आणि एवढ्यात १,२४७ क्लीमा मोजलेत. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं.

उगमाचा वाद : शब्दाचं मूळ ग्रीक 'क्लिमा' म्हणजे उतार, कल, यावर फारसं दुमत नाही. वाद आहे तो हे तुकडे नेमके कुणी आणि कधी पाडले यावर. सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी की मध्ययुगातल्या मठवासी साधूंनी, त्यातही १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितोच्या सिस्टर्शियन मठाने, अगदी माती चाखून चाखून हद्दी आखल्या. माती चाखण्याला पुरावा नाही, ती दंतकथाच मानावी. पण साधूंचं काम खोटं नाही. बेझच्या मठाला सातव्या शतकात जेव्रे गावाजवळ जमीन दान मिळाली आणि तोच आजचा क्लो द बेझ, आणि सितोच्या साधूंनी वूजो गावात साधारण ५० हेक्टरचा मळा जमवून त्याला दगडी भिंत घातली, ती चौदाव्या शतकापर्यंत पूर्ण झाली असावी. 'क्लो' म्हणजेच कुंपण घातलेला मळा.

त्याआधीचं चित्र मात्र वेगळं दिसतं. ओतँ शहराच्या वतीने सम्राट कॉन्स्टंटाइनपुढे इ.स. ३११-१२ च्या सुमारास झालेल्या भाषणात इथल्या वेली इतक्या म्हाताऱ्या झाल्यात की मुळांचा नुसता गुंता झालाय अशी तक्रार आहे, म्हणजे लागवड तेव्हाच जुनी होती. २००८ मध्ये जेव्रे-शांबेर्तँ गावात रोमन काळातल्या द्राक्षमळ्याच्या ओळीने खणलेल्या खड्ड्यांच्या खुणा सापडल्या, काळ साधारण पहिलं शतक, आणि गंमत म्हणजे तो मळा आज नावाजलेल्या उतारावर नाही, खाली सपाटीला आहे. म्हणून 'दोन हजार वर्षं हेच क्लीमा' हे विधान जपूनच करावं.

दुसरा पक्ष म्हणतो की आजच्या अर्थाने क्लीमा ही सतराव्या-अठराव्या शतकातली घडण आहे. डिजॉनचे श्रीमंत वकील-न्यायाधीश आणि बोनचे व्यापारी यांनी मळे घेतले, मग गावाच्या नावाऐवजी तुकड्याच्या नावाने वाइन विकली जायला लागली. भूगोलतज्ज्ञ रोझे दियाँ यांनी तर विसाव्या शतकाच्या मध्यातच मांडलं होतं की नामांकित वाइन मातीपेक्षा बाजारपेठ आणि माणसाची मेहनत यातून घडते. दियाँ यांचं म्हणणं जरा एका टोकाला जातं, कारण उतारावरचा फरक खराच आहे, पण नावं आणि हद्दी पक्क्या होण्यापुरतं बघितलं तर हा दुसरा पक्षच जास्त पटतो.

जमीन : खडक ज्युरासिक काळातला, चुनखडी आणि मार्ल (चुना-चिकणमातीचं मिश्रण) यांचे थर, त्यात जुन्या समुद्रातल्या जीवांचे अवशेष. थर प्रस्तरभंगांनी (खडक सरकून पडलेल्या भेगांनी) तुटलेत, त्यामुळे शंभर पावलांवर माती बदलते. उतार पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे सकाळचं ऊन, आणि चांगले मळे बहुतेक उताराच्या मधोमध. वूजोच्या भिंतीआत हे डोळ्यांनी दिसतं : वर मठाच्या इमारतीजवळ पातळ माती आणि लगेच खाली चुनखडी, तर खाली मोठ्या रस्त्याच्या कडेला जड चिकण माती, पावसानंतर तिथे पाणी लवकर उतरत नाही. तरी सगळ्या भिंतीआत नाव एकच आणि दर्जाही एकच. उतारावरून वाहून गेलेली माती पूर्वी माणसं पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर नेऊन टाकत, आणि शेतातून वेचलेल्या दगडांचे ढीग आजही बांधावर दिसतात.

द्राक्ष : लाल वाइनला पिनो न्वार, पांढरीला शार्डोने. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप (धाडसी) याने गामे जातीच्या वेली उपटायचा हुकूम काढला, त्यात गामेला वाईट आणि बेइमान म्हटलंय, कारण तिचं पीक भरघोस पण वाइन कडवट. पुढे १९९९ च्या डीएनए अभ्यासात दिसलं की गामे, शार्डोने आणि आलिगोते या तिन्ही पिनो आणि ग्वे ब्लाँ या साध्या जातीच्या संकरातून आल्यात, म्हणजे ड्यूकने हाकललेली वेल पिनोचीच लेक. एका हेक्टरात साधारण १०,००० वेली, जमिनीलगत तारेवर, आणि छाटणी वर्षातून एकदा हिवाळ्यात. नाशिकच्या मांडवाखाली वाढलेल्या आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी बघितलेल्या माणसाला हे फार ठेंगणं वाटेल. १८७८ मध्ये इथे फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड पोचली आणि मग अमेरिकन खुंटावर कलम करणं भाग पडलं, पण रोमाने-काँती या १.८ हेक्टरच्या मळ्याने विनाकलम वेली १९४५ पर्यंत टिकवल्या.

दर्जा आणि मालकी : १८५५ मध्ये डॉ. ज्यूल लाव्हाल यांनी मळ्यांची प्रतवारी केली, १८६१ मध्ये बोनच्या शेतकी समितीने ती नकाशावर आणली, आणि १९३० च्या दशकात सरकारी नामांकनं (कोणत्या वाइनला कोणत्या जागेचं नाव लावता येईल याचे नियम) आली. आज खालून वर चार पायऱ्या आहेत : प्रांत, गाव, प्रीमिए क्रू (वरच्या दर्जाचे मळे) आणि ग्राँ क्रू (सगळ्यात वरचे मळे). त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या आणि नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना समान वाटणी, त्यामुळे हिश्श्यांचे हिस्से पडत गेले. वूजोचा मळा १८८९ पर्यंत एकाच मालकाकडे होता, आता सुमारे ८० मालक आहेत, काहींच्या तर मोजक्याच ओळी.

नावाची किंमत गावांनाही कळली. जेव्रेने १८४७ मध्ये शेजारच्या प्रसिद्ध मळ्याचं शांबेर्तँ हे नाव जोडून घेतलं, १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी माँराशे या मळ्याचं नाव जोडलं. त्यामुळे नवख्याची हमखास चूक होते : 'जेव्रे-शांबेर्तँ' ही गावाची वाइन, नुसतं 'शांबेर्तँ' म्हणजे ग्राँ क्रू. अभ्यासाला एकच गाव आणि त्याचा नकाशा घेऊन बसावं, सगळा प्रांत एकदम डोक्यात शिरत नाही. क्लो द बेझची वाइन शांबेर्तँ नावाने विकता येते, शांबेर्तँची मात्र क्लो द बेझ म्हणून विकता येत नाही, आणि दोन मळ्यांच्या मध्ये नुसती एक पायवाट आहे.