'ब्लड ऑन द ट्रॅक्स' : बाजूला पडलेलं न्यूयॉर्क

गेल्या रविवारी धरमपेठेत एका मित्राच्या घरी आम्ही चौघं अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनची 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' ही तबकडी ऐकायला बसलो. त्यातलं 'इडियट विंड' हे गाणं दोनदा लावलं. आधी सगळ्यांच्या कानात बसलेलं, मग त्याआधीचं, वगळलेलं. दुसरं संपल्यावर आमच्यातले वयाने मोठे काका म्हणाले, "हा तर स्वतःशीच बोलून राहिला ना बाप्पा!"

त्या वगळलेल्या गाण्याचा जन्म न्यूयॉर्कचा. १६ ते १९ सप्टेंबर १९७४ या चार दिवसांत ध्वनिमुद्रक फिल रमोन यांच्या देखरेखीखाली ए अँड आर स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. पूर्वी ही जागा कोलंबिया या तबकडी कंपनीची होती, आणि डिलनच्या सुरुवातीच्या तबकड्या इथेच तयार झाल्या होत्या. पहिल्या दिवशी वाद्यवृंद होता, पण लवकरच तो गेला. बऱ्याच गाण्यांत उरली गिटार आणि टोनी ब्राउन यांचा बास. काही ठिकाणी कोटाची बटणं गिटारवर घासल्याचा आवाज येतो, तोही तसाच राहिला.

तबकडी जवळजवळ तयार होती, चाचणीच्या प्रतीही निघाल्या होत्या. डिसेंबरात डिलन मिनेसोटाला घरी गेला. भाऊ डेव्हिड झिमरमन याने सुचवलं, काही गाणी पुन्हा करून पाहा. २७ आणि ३० डिसेंबरला मिनियापोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत स्थानिक वादकांसोबत दहापैकी पाच गाणी नव्याने झाली. २० जानेवारी १९७५ ला तबकडी बाजारात आली. कव्हर आधीच छापून झालं होतं, त्यामुळे त्या वादकांची नावं त्यावर आली नाहीत. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या हाताने निम्मी तबकडी उभी राहिली, ते कव्हरवर कुठेच नाहीत.

'टँगल्ड अप इन ब्लू'मध्ये हा फरक नीट कळतो. न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला 'तो' अंथरुणात पडलेला आहे, मिनियापोलिसमध्ये 'मी'. तिथे गिटारवादक केव्हिन ओडेगार्ड यांनी पट्टी चढवायला सुचवलं. जी वरून ए वर गेल्यावर आवाजाला ताण पडला आणि त्याबरोबर गाण्याला धावही आली. इथे मला नवीनच रूप आवडतं, आणि भावाचं बरोबर होतं असंच म्हणावं लागेल.

'इडियट विंड'चं तसं नाही. प्रसिद्ध झालेलं गाणं संतापाने उसळतं. न्यूयॉर्कचं दमून, हळू आवाजात दुखणं सांगतं. शब्दही काही ठिकाणी वेगळे. १९९१ मध्ये त्याचं एक रूप अधिकृतपणे आलं, तोवर ते चोरट्या प्रतींतूनच फिरलं.

२०१८ मध्ये 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' या संचात न्यूयॉर्कचं सगळं काम अधिकृतपणे आलं. १९७४ मध्ये डिलनच्या सांगण्यावरून टेपचा वेग दोन-तीन टक्के वाढवला होता. संचात तो मूळ वेगावर आणला. सूर थोडा खाली आला, आवाज भरदार झाला. काकांनी ऐकलेली प्रत हीच. त्यांनी चहा बाजूला ठेवून तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं.