पार्श्वभूमी : शासकीय मराठी आणि अनुदानाचे प्रस्ताव

सोप्या शासकीय भाषेचा विषय निघाला की शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला हटकून दिला जातो. तो कोश फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवणारा. सोपेपणाशी त्याचा संबंध कमीच. आजच्या कागदांची घडण १९६० नंतरची आहे.

राज्य झालं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश आला. हुद्द्यांची इंग्रजी नावं सरसकट मराठी करण्याचा तो निर्णय. त्याची 'बदनाम कोश' म्हणून टर उडवली गेली. टीकेत तथ्य होतंच. 'कारकून' घरोघरी रुळलेला असताना 'लिपिक' कशाला हवा होता? पण टीकाकारांचंही सगळं खरं ठरलं नाही. संचालक, आयुक्त, अभियंता आज कुणाला खटकत नाहीत. भांडण शब्दांवरच इतकं रंगलं की वाक्य निसटलं. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, टिपण्या मराठीत होऊ लागल्या, मांडणी मात्र इंग्रजीचीच. कुठलाही शासन निर्णय उघडा. प्रस्तावनेत 'बाब शासनाच्या विचाराधीन होती', पुढे 'मान्यता देण्यात येत आहे'. विचार कोण करत होतं, ते वाक्यात सापडत नाही.

अनुदान मागणाऱ्या संस्थांनीही हीच भाषा उचलली, कारण फाइल तपासणारा तीच लिहीत होता. 'लाभार्थी महिलांचे सक्षमीकरण करण्यात येईल' हे भारदस्त दिसतं. 'सहा महिन्यांत चाळीस बायकांना शिवण शिकवू' असं लिहिलं तर उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या, वेळी चाळीस बायका दाखवाव्या लागतात. दुर्बोधपणा टिकला तो या सोयीमुळे. संस्कृतवर उगाच खापर फुटतं.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने फाइली लोकांच्या हातात दिल्या, पण अनुदानाच्या लेखनाला खरा धक्का बसला तो कंपन्यांच्या पैशामुळे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एप्रिल २०१४ पासून ठरावीक मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी आली. २०२१ मध्ये मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचं मूल्यमापनही नियमात आलं. प्रस्ताव वाचणारा बदलला. त्याला बेसलाइन (कामाआधीची स्थिती) हवी, आउटकम (कामाने झालेला बदल) हवा, आणि बहुतेकदा ते सगळं इंग्रजीत. त्यामुळे किती बायका, किती महिने, हे आता इंग्रजीत नीट लिहिलं जातं. त्याच प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखला मागणारं पत्र मात्र अजून 'सदर प्रकल्प राबविण्यात येणार असून' असंच सुरू होतं.