गोष्ट ऐकताना मन वाद का घालत नाही?

जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासव-मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर 03233 क्रमांकाची धातूची पट्टी आढळली. ती 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. सागरी कासवांना कायद्याचे संरक्षण आहे, हे कितीही वेळा वाचले तरी मनात प्रश्न उठत नाही. ही बातमी वाचल्यावर मात्र ‘ती आता कुठे असेल?’ असे वाटल्याशिवाय राहत नाही. माहिती दिली की माणूस आपोआप शहाण्यासारखा वागतो, या समजुतीची मर्यादा इथेच दिसते.

उपदेश ऐकताना आपले मन बचाव करू लागते. ‘समुद्रात प्लास्टिक टाकू नका’ असे कोणी म्हणताच ‘मी एकट्याने टाकले नाही, म्हणून काय फरक पडणार?’ हा प्रतिवाद आतून तयार होतो. तो रचायला अवधान लागते आणि अवधान मर्यादित असते. गोष्टीत रंगलेला माणूस ते दृश्य डोळ्यांपुढे आणण्यात, पात्राची काळजी करण्यात आणि पुढे काय होणार याच्या ओढीत खर्च करतो, त्यामुळे प्रतिवादासाठी फारसे उरत नाही. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये वाचकांना एका कथेतील खोट्या वाटणाऱ्या जागांभोवती वर्तुळ काढायला सांगितले होते. जे कथेत अधिक गुंगले होते, त्यांनी कमी वर्तुळे काढली आणि त्यांची मते कथेशी अधिक जुळली. कथा खरी म्हणून दिली की काल्पनिक म्हणून, याने परिणामात लक्षणीय फरक पडला नाही. दशावतार पाहणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही, कारण लुगडे नेसलेली राणी पुरुष आहे हे ठाऊक असूनही तिच्या विलापाने प्रेक्षकांचे डोळे ओलावतात.

गोष्ट ऐकताच मेंदूत एखादे रसायन पाझरते आणि माणूस बदलतो, असे हल्ली उत्साहाने सांगितले जाते. तो दावा पुराव्याच्या फार पुढे धावतो. गुंगलेले मन कथेतले कार्यकारण स्वीकारते, म्हणून ते कार्यकारण कोणते आहे, याला महत्त्व आहे. कोकणातल्या देवरायांना राखणदाराच्या गोष्टींनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, पण त्या गोष्टींत झाड तोडू नये ते देवाचा कोप होईल म्हणून. झाडांच्या मुळांशी मुरणाऱ्या पाण्यावर खालचा झरा जगतो, हे त्यात क्वचितच येते. त्यामुळे मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवाचा कौल घेऊन तेच लाकूड तोडण्याची वाट मोकळी राहते. भीतीवर उभे राहिलेले संरक्षण परवानगी मिळताच संपते, आणि अशा अंधश्रद्धेला परंपरा म्हणून गोंजारणे मला धोक्याचे वाटते.

कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावात 2002 पासून वेगळी गोष्ट घडत गेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांबरोबर कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, आणि पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावातल्या घरांना उत्पन्नही मिळू लागले. या गोष्टीत माणसाला करण्याजोगे काम आहे: अंडी जपून कुंपणात हलवायची, सुमारे दीड-दोन महिने राखायची आणि पिल्ले समुद्राकडे सोडायची. गुहागरच्या मादीच्या गोष्टीतही ते आहेच, कारण पट्टीवरचा क्रमांक वाचला गेला तो त्या किनाऱ्यावर कोणीतरी घरट्यांच्या शोधात फिरत होते म्हणून.